ब्रेड मशीनमधील पिझ्झ्याचे पीठ : मळणी यंत्राची, पारख हाताची

घरी पिझ्झा करू पाहणाऱ्यांची अडचण बहुधा चीज, सॉस किंवा भाज्यांपाशी येत नाही. ती येते पिठापाशी. पीठ पुरेसे मळले गेले नाही, तर पिझ्झ्याचा तळ कडक व जड होतो. ते प्रमाणाबाहेर आंबले, तर हाताला चिकटते, थापताना फाटते आणि भाजल्यावर बसके राहते. मैद्याचा गोळा हाताने पंधरा-वीस मिनिटे सलग मळणे हे कष्टाचे काम आहे. मनगट किंवा सांधे दुखणाऱ्यांना, तसेच वयोवृद्धांना तर ते जवळजवळ अशक्य असते. या कामासाठी ब्रेड मशीन हे साधन उपयुक्त ठरते.

मात्र यंत्र घरी असूनही अनेकांचा अनुभव संमिश्र असतो. पुस्तिकेत दिलेले प्रमाण तंतोतंत घेतले, तेच बटण दाबले, तरी जानेवारीत उत्तम झालेले पीठ मे महिन्यात पातळ आणि आंबूस होते. याचे कारण साधे आहे. यंत्र मिनिटे मोजते. पीठ घट्ट झाले की सैल, हे ते पाहत नाही. म्हणून मळण्याचे श्रम यंत्रावर सोपवावेत, परंतु पाणी, तापमान आणि वेळ या तीन बाबी स्वतःच्या हाती ठेवाव्यात, हे या पद्धतीचे मर्म आहे.

यंत्राने हाताकडून काय घेतले

घरगुती ब्रेड मशीनच्या जन्माची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. जपानमधील ओसाका परिसरातील मात्सुशिता इलेक्ट्रिक ही कंपनी १९८० च्या दशकाच्या मध्यास असे यंत्र तयार करण्याच्या प्रयत्नात होती. आज ही कंपनी पॅनासॉनिक या नावाने ओळखली जाते. सुरुवातीच्या नमुन्यांत पाव बाहेरून करपत असे आणि आतून कच्चा राहत असे. यंत्राने मळलेले पीठ आणि कसबी बेकरने मळलेले पीठ यांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन तुलना केली, तरी दोष नेमका कोठे आहे, ते उमगेना.

त्या वेळी इकुको तानाका या कंपनीतील महिला तंत्रज्ञाने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारी केली. बेकर पीठ केवळ ताणत नाही, ताणता ताणता त्याला पीळही देतो, हे तिच्या लक्षात आले. त्यानंतर सुमारे वर्षभर प्रयोग करून यंत्राच्या भांड्याच्या आतील बाजूस विशिष्ट उंचवटे बसवण्यात आले. फिरत्या पात्यामुळे पीठ त्या उंचवट्यांवर अडते, ताणले जाते आणि पिळले जाते. १९८७ मध्ये हे यंत्र बाजारात आले आणि त्याला मोठा प्रतिसाद मिळाला. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी पुढे या प्रसंगाची नोंद आपल्या लेखनात केली. हाताच्या ठायी असलेले, शब्दांत न सांगता येणारे ज्ञान यंत्रात कसे उतरते, याचे उदाहरण म्हणून तो प्रसंग व्यवस्थापनशास्त्रात सांगितला जातो.

या कथेचा दुसरा अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. बेकरच्या हाताची गती यंत्रात उतरली. परंतु पिठाला बोट लावताच ‘अजून थोडे पाणी हवे’ असे सांगणारी त्याची पारख यंत्राबाहेरच राहिली. ती वापरणाऱ्यानेच पुरवावी लागते.

पिठात घडते काय

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाल्यावर आणि मळले गेल्यावर ती एकमेकांत गुंततात व त्यांचे लवचीक जाळे तयार होते. या जाळ्यास ग्लुटेन म्हणतात. इटलीतील बोलोन्या येथील याकोपो बेक्कारी या अभ्यासकाने अठराव्या शतकात पिठाचा गोळा पाण्याखाली धुऊन हा चिवट पदार्थ प्रथम वेगळा केला. आजही मैद्याचा छोटा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळून धुतला, तर पांढरे पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा ताणला जाणारा अंश उरतो.

यीस्ट हा सूक्ष्म, एकपेशीय जीव आहे. पिठातील शर्करेवर तो वाढतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्प प्रमाणात अल्कोहोल तयार होते. हा वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. जाळे कमकुवत असेल, तर वायू निसटतो. जाळे फार ताठ असेल, तर गोळा थापताना पुन्हा पुन्हा आक्रसतो. मीठ चव देते, तसेच जाळे बळकट करते आणि यीस्टची गती आवरते. तेलामुळे पीठ मऊ राहते.

मराठी स्वयंपाकघराला ही प्रक्रिया सर्वस्वी अपरिचित नाही. पुरणपोळीची कणीक तेलाचा हात लावून बराच वेळ तिंबली जाते आणि मग झाकून ठेवली जाते, ती याच लवचीकपणासाठी. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. गोव्यातील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पीठ फुगवण्यासाठी माडाची सुर वापरत. सुरीतील नैसर्गिक यीस्टच ते काम करीत असे.

नेपल्सची रीत आणि दीड तासाचा कार्यक्रम

पिझ्झ्याचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या नेपल्स शहरातील पारंपरिक पिझ्झ्यास युरोपीय महासंघाने २०१० मध्ये हमी दिलेला पारंपरिक पदार्थ म्हणून मान्यता दिली. तेथील पिझ्झा कारागिरांच्या कलेचा समावेश युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. युरोपीय महासंघाच्या नियमांत या पिठाचे प्रमाण दिलेले आहे : १ लिटर पाणी, सुमारे १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि केवळ ३ ग्रॅम ताजे यीस्ट. पीठ प्रथम २ तास आणि गोळे केल्यावर पुन्हा ४ ते ६ तास आंबवले जाते. या पिठात साखर नाही आणि तेलही नाही.

हे पीठ यंत्राने मळण्यास त्या नियमांत मनाई नाही. मंद गतीने मळणारे यंत्र तेथेही वापरतात. हात अनिवार्य आहे तो पुढच्या टप्प्यावर. गोळा पसरवताना लाटणे किंवा दाबयंत्र वापरण्यास परवानगी नाही. म्हणजेच मळणी यंत्राने केली म्हणून पिझ्झा कमअस्सल ठरतो, ही समजूत निराधार आहे.

खरा फरक वेळेचा आहे. ब्रेड मशीनवरील ‘डो’ किंवा ‘पिझ्झा डो’ हा कार्यक्रम बनावटीनुसार साधारण पाऊण ते दीड तासात संपतो. एवढ्या अल्प काळात पीठ फुगावे म्हणून यीस्ट बरेच अधिक घालावे लागते आणि यंत्र भांडे कोमट ठेवते. पीठ फुगते खरे, परंतु आंबण्याच्या संथ प्रक्रियेत निर्माण होणारी आम्ले व सुगंधी द्रव्ये तयार होण्यास अवधी मिळत नाही. अशा पिझ्झ्यास यीस्टचा उग्र वास येतो आणि तळाला स्वतःची चव राहत नाही. त्यावरील उपाय पुढे आला आहे.

मैदा, कणीक आणि पाण्याचे गणित

परदेशी पुस्तिकांतील प्रमाण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण पीठ निराळे असते. तेथील ब्रेडच्या पिठात प्रथिनांचे प्रमाण सामान्यतः १२ टक्के किंवा त्याहून अधिक असते. आपल्या बाजारातील साधा मैदा बहुधा त्याहून कमी प्रथिनांचा असतो, त्यामुळे तो पाणीही कमी धरतो. परदेशी प्रमाणानुसार ६५ टक्के पाणी घातल्यास असा मैदा पळीवाढा नव्हे, तरी हाताला चिकटणारा होतो. पाकिटावरील पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रथिने किती, हे पाहून घेतल्यास अंदाज बांधता येतो. प्रथिने १० ग्रॅमच्या आसपास असल्यास पिठाच्या वजनाच्या ५८ ते ६० टक्के पाण्यापासून सुरुवात करावी. ती ११-१२ ग्रॅम असल्यास ६२ ते ६४ टक्क्यांपर्यंत जाण्यास हरकत नाही.

चक्कीवरील कणकेचे वर्तन वेगळे असते. जात्याच्या दगडांच्या घर्षणाने पिष्टाचे कण भंगतात आणि ते अधिक पाणी शोषतात. पोळी मऊ होण्यामागे हेही एक कारण आहे. मात्र कणकेतील कोंडा ग्लुटेनच्या जाळ्यात अडथळा आणतो. त्यामुळे संपूर्ण कणकेचा पिझ्झा मैद्याइतका फुगत नाही. पौष्टिकता हवी असल्यास प्रारंभी चौथा हिस्सा कणीक घ्यावी आणि त्यासाठी १० ते १५ मिलिलिटर पाणी वाढवावे. महाराष्ट्र व कर्नाटकात होणारा खपली गहू चवीला उत्तम असला, तरी त्याचे ग्लुटेन दुर्बळ असते. निव्वळ खपलीच्या पिठाकडून फुगण्याची अपेक्षा ठेवू नये.

मोजमाप वाटीने न करता वजनकाट्यावर करावे. एकच वाटी दाबून भरली किंवा सैल भरली, तर मैद्याच्या वजनात सहज २० ते ३० ग्रॅमचा फरक पडतो. पिझ्झ्याच्या पिठात एवढा फरक गोळा घट्ट किंवा सैल करण्यास पुरेसा असतो.

तीन पिझ्झ्यांसाठी प्रमाण

सुमारे ९ ते १० इंच व्यासाच्या तीन पिझ्झ्यांसाठी पुढील प्रमाण घ्यावे.

मैदा : ४०० ग्रॅम
पाणी : २४० मिलिलिटर
मीठ : ८ ग्रॅम
इन्स्टंट कोरडे यीस्ट : ३ ग्रॅम, म्हणजे सुमारे १ लहान चमचा
तेल : १२ ग्रॅम, म्हणजे सुमारे १ मोठा चमचा
साखर : ४ ग्रॅम, ऐच्छिक

नेपल्सच्या पिठात नसलेली साखर आणि तेल येथे घेण्यास कारण आहे. तेथील लाकडाच्या भट्टीत तळाचे तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सिअस असते व पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. घरगुती ओव्हन २३० ते २५० अंशांपर्यंतच जातो आणि भाजण्यास बराच अधिक वेळ लागतो. त्या काळात पिठातील पाणी उडून तळ कडक होतो. तेल हा कोरडेपणा कमी करते, तर साखर कमी तापमानातही तांबूस रंग आणते. ऑलिव्ह तेल नसल्यास वास नसलेले कोणतेही खाद्यतेल चालते.

जिन्नस भांड्यात घालण्याचा क्रम यंत्रागणिक बदलतो. काही कंपन्या पाणी प्रथम घालावयास सांगतात, काही शेवटी. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा. कोणत्याही क्रमात यीस्ट आणि मीठ एकाच जागी ओतू नये. ती भांड्याच्या दोन बाजूंना घालावीत. टायमर लावून यंत्र उशिरा सुरू करावयाचे असल्यास यीस्टला पाण्याचा स्पर्श होणार नाही, याची विशेष खबरदारी घ्यावी.

जुने यीस्ट हे अपयशाचे नेहमीचे कारण आहे. पाकीट उघडल्यानंतर ते हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. शंका असल्यास अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर व थोडे यीस्ट घालून १० मिनिटे थांबावे. पृष्ठभागावर फेस आला नाही, तर ते यीस्ट टाकून द्यावे. पाणी कढत नसावे. ५५ ते ६० अंश सेल्सिअसला यीस्ट मरते.

पहिली दहा मिनिटे

बटण दाबून स्वयंपाकघराबाहेर निघून जाणे ही सर्वांत सामान्य चूक होय. मळणी सुरू झाल्यावर पाच ते सात मिनिटांनी झाकण उघडून पाहावे. या टप्प्यावर बहुतेक यंत्रांत झाकण उघडल्याने अपाय होत नाही. मात्र फिरत्या पात्याजवळ बोटे नेऊ नयेत आणि कडेचे पीठ सोडवण्यासाठी धातूचा चमचाही वापरू नये. यंत्र थांबवून सिलिकॉन किंवा लाकडी कालथ्याने ते खाली ढकलावे.

गोळा एकसंध झालेला असावा. भांड्याच्या कडा स्वच्छ सुटलेल्या असाव्यात आणि गोळ्याचा तळाकडील भाग किंचित चिकटत असावा. पीठ तुकड्यातुकड्यांत फिरत असेल किंवा यंत्र धडधडत असेल, तर ते घट्ट आहे. एका वेळी एक लहान चमचा पाणी घालून एक मिनिट थांबावे. पीठ भांड्याला थापल्यासारखे चिकटून राहिले असेल, तर एका वेळी एक मोठा चमचा मैदा भुरभुरावा. घाई करू नये, कारण घातलेले पाणी पिठात मुरण्यास अवधी लागतो. बोट लावले असता पीठ कानाच्या पाळीइतके मऊ लागावे. पोळीच्या कणकेपेक्षा ते सैलसर असते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पोळीच्या सवयीने पीठ घट्ट करण्याकडे आपला कल असतो आणि तेथेच पिझ्झा कडक होतो.

मळणी संपत आल्यावर लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांनी हलकेच ताणावा. तो न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसू लागला, तर जाळे तयार झाले, असे समजावे. तो लगेच फाटल्यास पाच मिनिटे झाकून ठेवावा व पुन्हा पाहावा. अनेकदा अधिक मळण्याची नव्हे, तर विश्रांतीची गरज असते.

उन्हाळा आणि हिवाळा

भारतातील हवामानाचा विचार कोणत्याही परदेशी यंत्राच्या कार्यक्रमात पुरेसा झालेला नसतो. मळताना घर्षणामुळे पीठ तापते. ब्रेड मशीनमध्ये ही वाढ साधारण ८ अंश सेल्सिअसच्या घरात धरता येते. स्वयंपाकघरातील थर्मामीटरने आपल्या यंत्राचा नेमका आकडा एकदा मोजून ठेवावा. मळून झालेल्या पिठाचे तापमान २६ अंशांच्या जवळपास असावे, या उद्देशाने बेकर मंडळी एक सोपे गणित करतात. २६ ला ३ ने गुणावे, म्हणजे ७८ होतात. त्यांतून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि घर्षणाची वाढ वजा करावी. उरलेला आकडा हे पाण्याचे योग्य तापमान होय.

विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघर व मैदा प्रत्येकी ३४ अंशांवर असतील, तर ७८ मधून ३४, ३४ आणि ८ वजा जाता केवळ २ उरतात. अशा वेळी बर्फाचे पाणी घ्यावे. बर्फाचे खडे मात्र गाळून काढावेत. मैदाही तासभर फ्रिजमध्ये ठेवता येतो. उलट उत्तर भारतातील जानेवारीच्या सकाळी खोली व मैदा १४ अंशांवर असल्यास उत्तर ४२ येते. येथे ३८ ते ४० अंशांचे कोमट पाणी पुरेसे आहे. काही यंत्रे मळणीपूर्वी अर्धा तास भांडे कोमट करून जिन्नस एका तापमानास आणतात. त्या यंत्रांत उन्हाळ्यात थंड पाण्याचा लाभ कमी होतो. म्हणून हा टप्पा नसलेला कार्यक्रम उपलब्ध असल्यास तो निवडावा.

यंत्र केव्हा थांबवावे

मळणी पूर्ण झाल्यावर यंत्र पीठ फुगवण्यासाठी भांडे कोमट ठेवते. थंडीच्या दिवसांत ही सोय मोलाची आहे. कडक उन्हाळ्यात मात्र तिची आवश्यकता नसते. पीठ ठरलेल्या वेळेआधीच दुप्पट होते आणि यंत्र वेळ संपेपर्यंत त्याला ऊब देत राहते. म्हणून उन्हाळ्यात मळणी संपताच यंत्र बंद करावे, पीठ तेल लावलेल्या भांड्यात काढावे व झाकून ठेवावे. ते दुप्पट होणे ही खूण मानावी, घड्याळ नव्हे. पीठ लावलेल्या बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू अर्धवट भरून आला, तर पीठ तयार आहे. खळगा झटकन भरला, तर अवकाश आहे. मुळीच भरला नाही, तर वेळ टळून गेली आहे.

चवीच्या दृष्टीने सर्वांत लाभदायक मार्ग म्हणजे यंत्राकडून केवळ मळणी करून घेणे आणि आंबवणे फ्रिजवर सोपवणे. यासाठी वरील प्रमाणात यीस्ट ३ ग्रॅमऐवजी १ ग्रॅम, म्हणजे साधारण पाव ते पाऊण लहान चमच्यांपैकी पावाच्या जवळपास घ्यावे व साखर वगळावी. मळून झालेले पीठ अर्धा तास बाहेर ठेवून तेल लावलेल्या, झाकणाच्या मोठ्या डब्यात घालावे आणि २४ तास फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीत यीस्ट संथ चालते. त्या अवधीत पिठातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करीत राहतात. त्यामुळे चव खुलते, रंग चांगला येतो आणि गोळा थापताना आक्रसत नाही. नेपल्सच्या अल्प यीस्टच्या संथ रीतीशी हा मार्ग अधिक जवळचा आहे. आदल्या रात्री दहा मिनिटांचे काम केले, की दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी झालेली असते.

गोळे, थापणे आणि भाजणे

पिठाचे वजन सुमारे ६६० ग्रॅम भरते. त्याचे प्रत्येकी २२० ग्रॅमचे तीन गोळे करावेत. कडा खाली दुमडत गोळ्याचा वरचा भाग ताणलेला व गुळगुळीत करावा. गोळे झाकून पाऊण तास ठेवावेत. फ्रिजमधून काढलेल्या पिठास दीड ते दोन तास द्यावेत. ही विश्रांती टाळल्यास पीठ रबरासारखे मागे येते.

गोळा कोरड्या पिठावर ठेवून बोटांच्या टोकांनी मध्यापासून कडेकडे दाबत जावे. कडेची बोटभर जागा न दाबता सोडावी. तेथील वायू कायम राहतो आणि भाजल्यावर कड फुगून येते. लाटण्याने हा वायू निघून जातो. पातळ, कुरकुरीत पिझ्झा आवडत असेल, तरच लाटणे वापरावे. सॉस दोन-तीन मोठ्या चमच्यांहून अधिक नसावा. भाज्यांचे पाणी निथळून घ्यावे, अन्यथा तळ ओला राहतो.

ओव्हन त्याच्या सर्वाधिक तापमानावर किमान अर्धा तास तापवावा. पिझ्झ्यासाठीचा दगड नसल्यास जाड तळाचे ताट उपडे घालून आतच तापू द्यावे आणि पिझ्झा त्यावर सरकवावा. साधारण ८ ते १२ मिनिटांत कड तांबूस होते. ओव्हन नसल्यास जाड लोखंडी तवा चांगला तापवावा, थापलेल्या पिठाची एक बाजू भाजून ती उलटवावी, भाजलेल्या बाजूवर सॉस व चीज घालावे आणि मंद आचेवर झाकण ठेवून चीज वितळू द्यावे. भट्टीचा रंग येत नाही, परंतु तळ खमंग होतो.

घ्यावयाची दक्षता

यंत्राच्या क्षमतेहून अधिक पीठ घालू नये. पिझ्झ्याचे पीठ यंत्राच्या मोटारीवर बराच भार टाकते. लागोपाठ दोन वेळा मळावयाचे असल्यास मध्ये यंत्र निवू द्यावे. पाते अडकल्यास भांड्यात कोमट पाणी घालून थोडा वेळ ठेवावे, ते सहज सुटते. भांड्याच्या आतील लेपास घासणीने ओरखडे पाडू नयेत.

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र आणवणाऱ्यांनी त्यावरील विद्युतदाबाची नोंद अवश्य पाहावी. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्टचा पुरवठा असतो. भारतात तो २३० व्होल्ट आहे. असे यंत्र थेट जोडल्यास जळण्याचा धोका आहे, त्यासाठी पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. वीज खंडित झाल्यास काही यंत्रे ती परत आल्यावर उरलेला कार्यक्रम पुढे चालवतात, काही पुन्हा आरंभापासून सुरू होतात. मळणीनंतर वीज गेली असल्यास चिंतेचे कारण नाही. पीठ भांड्यातून काढून झाकून ठेवावे; ते विजेवाचूनही फुगते.

ओसाकाच्या त्या बेकरचा पीळ आज स्वयंपाकघराच्या ओट्यावरील यंत्रात आहे आणि त्याने मनगटाचे श्रम वाचवले आहेत. पाच मिनिटांनी झाकण उघडून गोळ्याला लावलेले बोट मात्र घरातल्या माणसाचेच असावे लागते. चार-सहा वेळा हे काम लक्षपूर्वक केले आणि ऋतू, पाण्याचे तापमान व पिठाचे प्रमाण वहीत टिपून ठेवले, की आपल्या घरच्या मैद्याचा आणि आपल्या यंत्राचा स्वभाव उमगतो. पुस्तिकेतील आकड्यांपेक्षा ही वहीच मग अधिक भरवशाची ठरते.